गणेशखिंडीतील गव्हर्नर हाऊस : इंग्रजी गृहरचनेचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

जुन्नर, घोडेगाव, मंचर येथील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे गणेशखिंडीतील विद्यापीठाची मुख्य इमारत आपल्या तालुक्यांतील प्राध्यापकांना चांगली परिचित आहे. या वास्तूवरील मराठी लेखन मात्र बहुधा तिचा मनोरा, हिरवळ आणि दगडी भव्यता यांच्या वर्णनापाशीच थांबते. ही वास्तू एक 'घर' म्हणून कशी रचली होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार केला आहे.

वास्तूची घडण

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये या बांधकामास प्रारंभ झाला व १८७१ मध्ये ते पूर्ण झाले. जेम्स ट्रबशॉ हे त्याचे वास्तुविशारद. त्यापूर्वी दापोडीचा बंगला गव्हर्नरांच्या निवासासाठी वापरात होता. नव्या निवासासाठी निवडलेली जागा १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या परिसरातील होती. पेशवाई ज्या रणभूमीवर खचली, तेथेच नव्या सत्तेचे घर उभे राहिले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या वास्तूची तुलना नेहमी व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाऊसशी केली जाते. इटालियन धर्तीचा मनोरा आणि कमानींच्या रांगा पाहता ती यथार्थ आहे. परंतु अपुरीही आहे. ऑस्बोर्न हे समुद्रकाठचे कौटुंबिक विश्रामस्थान होते. येथे तोच आराखडा दख्खनच्या काळ्या दगडात उतरला आणि त्याच्याकडे दरबार, मेजवान्या व नृत्यसमारंभ ही राजकीय कामे आली. २२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ येथेच झाला. तेथून परतताना चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

दोन गृहरचना

या वास्तूतील सर्वांत बोलका भाग भुयारी मार्ग होय. स्वयंपाकघराची इमारत वेगळी होती आणि तेथून मुख्य इमारतीत अन्न नेण्यासाठी हा मार्ग होता. इंग्रजी जमीनदारांच्या मोठ्या निवासांतही सेवकवर्गाचे जिने व वाटा वेगळ्या असत. श्रम घडावेत, पण ते दिसू नयेत, हा त्यामागील हेतू. वसाहतीत या हेतूला वंशभेदाचीही जोड मिळाली.

याउलट, आपल्याकडील वाडा अंतर्मुख असतो. देवडी, चौक, ओसरी, माजघर असा त्याचा क्रम आहे. मालक, गडी, कुळे आणि पाहुणे एकाच दिंडी दरवाजाने चौकात येत. म्हणून वाडा समतेचा होता असे मात्र म्हणता येत नाही. कोणी ओसरीवर बसावे आणि कोणी देवडीबाहेरच उभे राहावे, हे जातीने ठरत असे. वाडा हे अंतर उघडपणे दाखवितो, तर गव्हर्नर हाऊस ते जमिनीखाली नेते. विषमता दोन्हीकडे आहे. ती मांडण्याची रीत वेगळी आहे. वाड्याचा गौरव आणि बंगल्याचा निषेध, अशी सोपी विभागणी म्हणूनच टिकत नाही.

समारोप

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना झाली आणि राज्यकर्त्याचे घर विद्येचे घर झाले. हे परिवर्तन मोठे आहे. तथापि, वास्तूचा ताबा बदलला म्हणून तिच्या रचनेतील अर्थ आपोआप पुसला जात नाही. जतनाच्या चर्चेत मनोऱ्याइतकेच महत्त्व त्या भुयाराला मिळाले पाहिजे. ही वास्तू विद्यार्थ्यांना दाखविताना आपण त्यांना पोर्चपासून आत नेतो. तीच वाट एकदा स्वयंपाकघराकडून चालून पाहिली, तर इतिहासाच्या तासाला निराळे प्रश्न विचारले जातील.