मानेवरील मजकूर

शिकारकथा आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात, आणि त्यांच्या वाचनाने आपणांस एक सवय जडली आहे. ती ही की, मृत्यूचा अर्थ मृतदेहाभोवतीच्या मातीत शोधावयाचा. १९२६ साली मारलेल्या रुद्रप्रयागच्या बिबट्याविषयी जिम कॉर्बेटने जो ग्रंथ लिहिला, त्यात केवळ पावलांच्या ठशांवरून तो प्राणी मोठा, नर व उतारवयाचा असल्याचे अनुमान त्याने काढले आहे. त्या खुबीस तोड नाही. परंतु जुन्नर-आंबेगावाकडून आज जे वृत्तांत येतात, त्यांत ठसा दिसला की निकाल लागलाच म्हणून समजावे. उसाच्या कडेला प्रेत, चिखलात ठसा, आणि दुसऱ्या दिवशी मथळा ‘नरभक्षक’! मृताच्या मानेवर जो मजकूर उमटलेला असतो, तो मात्र या वृत्तांतांत कोठेच येत नाही.

कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे इत्यादी धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि बिबट्याने त्या उसातच बिऱ्हाड थाटले. अशा शिवारात ठसा रोजच सापडावयाचा. बिबट्या तेथून गेला एवढेच तो सांगतो. कोणास मारले, हे सांगत नाही.

मान पुष्कळ सांगते. बिबट्या बहुधा गळा किंवा मानेचा मागील भाग धरतो. सुळ्यांची खोल छिद्रे जोडीने पडतात, वरच्या जबड्याची एक जोडी व खालच्याची दुसरी. आत मणका मोडलेला, श्वासनलिका चेचलेली किंवा मोठी रक्तवाहिनी फाटलेली आढळते. कुत्र्यांच्या टोळीचे चावे याहून विस्कळीत, हातापायांवरही पसरलेले. दोरीने आवळलेल्या गळ्यावर बहुधा आडवा, सभोवार फिरलेला वळ असतो. फासाचा वळ तिरपा, कानाकडे चढत गेलेला. यातील ‘बहुधा’ हा शब्द वाचकाने गाळू नये. जिभेच्या मुळाशी असलेले लहानसे कमानदार हाड तरुणपणी लवचिक असते व गळा दाबला तरी पुष्कळदा मोडत नाही. तेव्हा ते अखंड मिळाले एवढ्यावरून गळा दाबलाच नाही, असे ठरत नाही.

सर्वांत बिकट प्रश्न हा की, दात लागले तेव्हा माणूस जिवंत होता काय? जिवंतपणी झालेल्या जखमेभोवती रक्त मांसात मुरते. मरणोत्तर पडलेल्या छिद्राभोवती ते तसे मुरत नाही. कोणी मारून टाकलेल्या देहावर मागाहून जनावर आले, तर दातांची खूण खरी असूनही आरोप खोटा ठरेल. पोथीच्या संपादकास मूळ पाठ कोणता व प्रक्षिप्त कोणता हे निवडावे लागते. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टराचे काम तेच, फक्त त्याला दुसरी प्रत मिळत नाही. ही शंका काल्पनिक नव्हे. याच जिल्ह्यातील दौंड तालुक्यात डिसेंबर २०२४ मध्ये एका स्त्रीचा मृत्यू प्रथम बिबट्याच्या माथी मारला गेला. तपासणीत वन्य प्राण्याचा पुरावा न मिळाल्यावर पोलिसांनी २०२५ मध्ये खुनाच्या आरोपावरून अटक केली.

शवविच्छेदनाच्या अहवालाची भाषा रुक्ष म्हणून आपण तिला हिणवतो. मला तिच्या ‘सुसंगत आहे’ या आवडत्या प्रयोगात, मथळ्याच्या ‘मारले’पेक्षा, भाषेचा अधिक जपून केलेला वापर दिसतो. छिद्रांमधील अंतर, खोली, कापडावरील भोके, फरफटीचे ओरखडे यांची नोंद ज्या अहवालात आहे, तो उत्तम गद्य आहे. ‘वन्य प्राण्याच्या हल्ल्यामुळे’ एवढेच लिहून सुटणारा अहवाल वृत्तपत्राचाच सोबती. त्या एका ओळीवर मृताच्या घरच्यांची भरपाई आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रात कोणत्या जनावराने जन्म काढावयाचा, ही दोन्ही अवलंबून असतात. हाती लागेल तो बिबट्या उचलल्याचा परिणामही येथे पाहून झाला आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले की, २००१ पासून पकडलेले बिबटे अन्यत्र सोडू लागल्यावर माणसांवरील हल्ले वर्षास सरासरी ४ होते ते १७ झाले.

जखम धुण्यापूर्वी ओल्या कापसाने तिच्यावरील लाळ टिपून घेतली, तर ती कुत्र्याची की बिबट्याची, हे प्रयोगशाळेत कळू शकते. परंतु उसाच्या बांधावर जमलेल्या गर्दीत कोणी तरी कळवळून ओल्या फडक्याने मान पुसून काढतो, आणि पंचनाम्यास मागे उरतो तो चिखलातील ठसा.