पिवळ्या रंगाखाली काय आहे? : बॅकहो लोडरची समीक्षा

समीक्षा म्हटली की कादंबरी, नाटक, फार तर सिनेमा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण आज आपण अंबडमध्ये बसलो आहोत. इथे गाळ्यागाळ्यात पत्रा कापला जातो, वेल्डिंग होते, पावडर कोटिंगच्या भट्ट्या तापतात. अशा ठिकाणी माणसाने घडवलेल्या लोखंडी वस्तूचीही समीक्षा व्हायला हवी, असे आम्हाला वाटते. म्हणून आम्ही आज बॅकहो लोडर निवडला आहे. नाव ऐकून काही चेहरे कोरे राहिले, ते साहजिकच आहे. जेसीबी म्हणतो, म्हणजे सगळ्यांना कळेल!

पुढे माती भरायची रुंद बकेट, मागे खोदायचा लांब हात आणि मध्ये फिरत्या खुर्चीवर ऑपरेटर, असे हे यंत्र. इंग्लंडच्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली सुरू केलेल्या कंपनीने १९५३ मध्ये आपला पहिला बॅकहो लोडर काढला. त्यांच्या आद्याक्षरांवरून कंपनीचे नाव पडले जेसीबी. १९७९ मध्ये ही कंपनी एस्कॉर्ट्सबरोबर भागीदारीत भारतात आली, हरियाणात बल्लभगढला कारखाना निघाला आणि पुढे २००३ मध्ये कारभार पूर्णपणे तिच्याकडे गेला. मराठीत तर कंपनीचे नावच यंत्राचे नाव झाले. चाकणला बनलेल्या महिंद्राच्या अर्थमास्टरलाही लोक बिनदिक्कत ‘महिंद्राचा जेसीबी’ म्हणतात. पोकलेनचेही तसेच. ती मुळात एक फ्रेंच कंपनी. आता चेनवर चालणारे कुठलेही खोदयंत्र पोकलेनच.

भाषेला यात काही खटकत नाही, पण समीक्षकाला खटकते. सगळ्यांचे नाव एक, सगळ्यांचा रंग जवळपास एक. मग फरक पाहायची सवयच मोडते. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे की यंत्राच्या रूपाने आतल्या कामाविषयी खरे बोलावे. ते कुठे खरे बोलते आणि कुठे थाप मारते, हे तीन जागी तपासू : आवृत्ती, अटॅचमेंट आणि रंग.

आधी आवृत्ती. साध्या मॉडेलच्या शेजारी एक्स्ट्रा, सुपर अशी नावे लागतात. कंपनीच्या वर्धापनाला मर्यादित आवृत्त्या निघतात. वेगळी पट्टी, वेगळे चिन्ह, सीटवर भरतकाम. यातले काही फरक खरे असतात. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर श्रावणातल्या चिखलात यंत्र रुतत नाही. केबिनला एसी असेल तर मे महिन्यात ऑपरेटर दहा तास माणसासारखा बसू शकतो. हे फरक ऑपरेटरच्या अंगाला कळतात. पण पट्टी आणि चिन्ह? ते फक्त शोरूमच्या दारात कळतात, कारण पहिल्याच खडी क्रशरवर ते खरवडून निघतात. जो फरक पहिल्या पावसाळ्यानंतर दिसत नाही आणि जाणवतही नाही, त्याला आम्ही आवृत्ती मानत नाही.

त्याउलट एक स्टिकर असा आहे की ज्याकडे कुणी कौतुकाने पाहत नाही, पण आवृत्ती म्हणावी ती तोच सांगतो : धुराच्या नियमाचा टप्पा. चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून चौथा टप्पा लागू झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून पाचवा. त्यासाठी इंजिन आणि धुराड्याची यंत्रणा खरोखर बदलावी लागली, देखभाल बदलली, किंमतही वाढली. पण सोनेरी अक्षरे मिळतात ती वर्धापनाला.

आता अटॅचमेंट. आमच्या मते यंत्राची खरी विशेष आवृत्ती मालक स्वतः तयार करतो, मागच्या हाताला काय जोडायचे ते ठरवून. खड्ड्यांसाठी ऑगर, अरुंद चारीसाठी छोटी बकेट, दगडासाठी ब्रेकर. नाशिकच्या जमिनीत मुरूम संपला की काळा पाषाण लागतो, म्हणून इथे ब्रेकरशिवाय ड्रेनेजची लाइन पुढे सरकत नाही. पण ब्रेकर हा फुकटचा पाहुणा नाही, बरं का! त्याच्या ठोक्यांनी पिन आणि बुश झिजतात, बूमच्या वेल्डवर ताण येतो, हायड्रॉलिक तेल तापते आणि लवकर बदलावे लागते. पाच हजार तास माती उपसलेले यंत्र आणि पाच हजार तास ब्रेकर चालवलेले यंत्र, दोन्हींच्या मीटरवर आकडा एकच. वय मात्र एक नाही.

बकेटचेही तसेच. दगडात चालणाऱ्या बकेटला झीजरोधक पोलाद लागते, साधारण चारशे ब्रिनेल कडकपणाचे. साधा माइल्ड स्टीलचा पत्रा त्याच्या निम्म्याहूनही कमी कडक असतो. दोन्ही बकेटांना वरून तोच पिवळा रंग मारला की डोळ्यांना फरक शून्य. उत्तम बकेट बनवणारे कारागीर आपल्याकडे आहेत, याबद्दल वाद नाही. म्हणूनच त्यांनी पत्र्याचा दर्जा बकेटच्या अंगावर पंच करावा आणि त्याचा दाखला हातात द्यावा, असे आम्ही म्हणतो. चांगल्या कारागिराला ओळख मिळावी, रंगाआड लपलेल्या मालाला मिळू नये.

आणि क्विक हिच. बकेट पटकन काढायचा-घालायचा हा खटका. वेळ वाचतो, छान आहे. पण काही प्रकारांत सुरक्षेची पिन हाताने लावावी लागते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ती पिन न लावल्याने बकेट सुटून खाली माणसे मेली आहेत. चारीत उतरलेला मजूर वर पाहत नसतो. त्या पिनला ठळक रंग असेल, लांबून ‘लागली’ की ‘नाही लागली’ हे दिसत असेल, तर रंगाने एक जीव राखला. पूर्ण बूम काळ्या रंगात चकाचक करणाऱ्या आणि पिनही त्याच काळ्यात बुडवणाऱ्या सजावटीला आम्ही शून्य गुण देतो.

मिरवणुकीत पुढच्या बकेटमध्ये चार पोरे उभी करून फुलांची उधळण होते, तीही एक अटॅचमेंटच समजायची का? दृश्य जोरदार असते, मान्य. पण ती बकेट मातीसाठी आहे. तिला कठडा नाही, आणि हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर ती खाली येताना झेंडूची गादी कामाला येत नाही.

आता रंग. १९३१ मध्ये कॅटरपिलरने आपला राखाडी रंग सोडून पिवळा घेतला, तो रस्त्याच्या कामावर यंत्र लांबून दिसावे म्हणून. म्हणजे पिवळा हा मुळात शृंगार नव्हे, इशारा आहे. त्याचे दुसरे काम गंज थांबवणे. ही दोन कामे तो किती वर्षे करतो, हाच त्याचा दर्जा. चकाकी नंतर.

चांगला रंग वरून सुरू होत नाही. आधी शॉट ब्लास्टिंग किंवा रासायनिक धुलाई, मग फॉस्फेट, मग प्रायमर, मग वरचा थर. पावडर असेल तर भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजणे. एपॉक्सी पावडर उन्हात पांढरी पडते, तिची भुकटी बोटाला लागते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या यंत्राला पॉलिएस्टर पाहिजे. आणि रंग नेहमी धारेवर हरतो. ओला रंग कडेपासून मागे सरकतो, तिथे थर पातळ राहतो आणि गंजही तिथूनच सुरू होतो. म्हणून आम्ही बॉनेट पाहत नाही. बूमच्या खालची कड, वेल्डचे टोक, पायरीची आतली बाजू, बोल्टच्या डोक्याभोवतीचे वर्तुळ एवढे पाहतो. कड घासून गोल केली आहे का? वेल्डचे शिंतोडे काढले आहेत का? जिथे ग्राहक वाकून बघणार नाही, तिथे कारखान्याने काय केले आहे, त्यावर आम्ही गुण देतो.

सर्वांत मोठी थाप जुन्या यंत्रांच्या बाजारात बसते. नवे यंत्र तीस लाखांच्या पुढे. म्हणून तरुण पोरगा जुने घेतो, घर तारण ठेवून. त्याच्यापुढे यंत्र येते ते नुकतेच पिवळे होऊन. मंडळी, ताजा रंग हा गुण नाही, तो प्रश्न आहे. रबरी होजवर पिवळे शिंतोडे दिसले, ग्रीसची निप्पल रंगाने बुजली, सिलिंडरच्या चकचकीत रॉडवर रंगाची कड आली, सूचनांचे स्टिकर आणि नंबर प्लेट रंगाखाली गेली, तर हा रंग कारखान्यातला नाही. रॉडवरचा तो रंग पुढे सील कापतो आणि तेल गळू लागते. आणि बूमच्या सांध्यावर थर जाड लागला, तर खाली वेल्ड करून बुजवलेली भेग असू शकते. तेवढा रंग खरवडून दाखवा, असे विक्रेत्याला सांगायला लाजू नका. जो खरवडू देत नाही, त्याने उत्तर दिलेले असते.

नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी ही यंत्रे आणखी वाढणार, नवी येतील, जुनी रंगून येतील. तेव्हा घेणाऱ्याने आवृत्तीचे नाव ऐकून घ्यावे, मग खिशातून बॅटरी काढून बूमखाली वाकावे, पिन हलवून बघावी आणि ऑपरेटरला विचारावे, “ब्रेकर किती चालवला रे भाऊ?” या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात नसते, मीटरवरही नसते. ते त्याच्याकडेच मिळेल.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.