किल्लारीचा भूकंप आणि शंकराचार्यांचा पाऊस

३० सप्टेंबर १९९३. आमच्या माकणी-सास्तूर-किल्लारी पट्ट्यात लोक गणपती विसर्जन करून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. मग देव क्रूर म्हणायचा का?

ब्रह्मसूत्रभाष्यात (२.१.३४) शंकराचार्य म्हणतात, नाही. पाऊस सगळ्यांना सारखाच. भात उगवेल की जव, ते बियाणं ठरवतं. ईश्वर पावसासारखा, बियाणं म्हणजे ज्याचं त्याचं कर्म.

दृष्टांत झकास आहे, पण तो इथे लावून बघा. एकाच गावात हादरा साधारण सारखाच. फरक केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या जड माळवदाने. हलक्या छपराच्या झोपड्या बऱ्याच वाचल्या. म्हणजे बियाणं भिंतीत होतं!

यावर कर्मवादी म्हणेल, त्या वाड्यात जन्म मिळणं हेही कर्मच. इथे माझं बिनसतं. झोपडी वाचली तरी कर्म, वाडा पडला तरी कर्म. मग कर्म नसतं तर काय वेगळं दिसलं असतं? शिवाय पाळण्यातल्या लेकराला त्याच्याच मरणाचा जबाबदार धरावं लागतं.

लिस्बनच्या १७५५ च्या भूकंपानंतर रूसोनेही व्हॉल्टेअरला घरांकडेच बोट दाखवलं होतं. तेही अर्धंच उत्तर. भिंत का पडली ते कळतं. जमीन मुळात का हलावी, हा देवाला विचारलेला प्रश्न तसाच राहतो.