अनुकूलनाचा खेळ आणि त्यातील उणीव

प्राण्यांचे अनुकूलन मुलांना कृतीतून शिकवावे, याविषयी आता मतभेद उरलेला नाही. चिमटा, चमचा व गाळणी यांना पक्ष्यांच्या चोची मानून मुलांनी निरनिराळे खाद्य टिपावयाचे, हा खेळ सर्वपरिचित आहे. रचना व कार्य यांचा संबंध त्यातून स्पष्ट होतो, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. परंतु ती रचना आली कोठून, या प्रश्नाचे तो चुकीचे उत्तर सुचवितो. चमच्याने काम होईना, की मूल चिमटा उचलते. पक्ष्यास तशी मुभा नसते. 1977 च्या अवर्षणात गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर बेटावर ग्रँट दांपत्याने फिंच पक्ष्यांत पाहिले ते हेच. कोणाचीही चोच गरजेपोटी वाढली नाही; लहान चोचीचे अधिक मेले, मोठ्या चोचीचे अधिक तगले आणि पुढील पिढीची सरासरी बदलली.

ही उणीव केवळ तात्त्विक नव्हे. दर्यापूरच्या कापूस-उत्पादकांच्या मुलांपुढे गुलाबी बोंडअळीचे उदाहरण शेतातच उभे आहे. बीटी कापसास भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण 2006 मध्ये आले. तरी 2017 च्या हंगामात विदर्भात त्याच वाणांची बोंडे या अळीने पोखरली. ‘अळीला सवय झाली’ असे आपण सहज म्हणतो. सवयच असेल, तर उपाय अधिक जहाल औषध हा ठरतो. निवड असेल, तर फरदड टाळणे, पऱ्हाटी वेळीच नष्ट करणे आणि बीटीविरहित कपाशीच्या आश्रय-ओळी लावणे, हे उपाय ठरतात.

म्हणून खेळात पिढी आणली पाहिजे. ज्वारीचे 90 साधे व 10 रंगविलेले दाणे घ्यावेत. साध्यांपैकी दहातील नऊ काढून टाकावेत, रंगीत सर्व ठेवावेत. उरलेल्यांच्या प्रमाणात पुन्हा शंभर करावेत. एका फेरीत रंगीत दाणे निम्म्यावर जातात, दुसरीत नव्वदीपर्यंत पोहोचतात. एकाही दाण्याचा रंग मात्र बदललेला नसतो.

या खेळासही मर्यादा आहे. आश्रय-ओळींतील पतंगांशी होणारा संकर, म्हणजेच त्या ओळींचे खरे प्रयोजन, त्यात दिसत नाही. ते शिक्षकानेच समजावून सांगावे लागेल. तथापि ‘बदलले कोण, प्राणी की समूह?’ हा प्रश्न मूल येथे स्वतः विचारते. कृतीचे मोल तिच्या रंजकतेवरून नव्हे, तर अशा प्रश्नावरून ठरावे.