लोधविली

आमच्या गावाचे नाव लोधिवली. खालापूर तालुका, चौकजवळ, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या फोनवर मी डिलो नावाचा ब्राउझर बसवला, आमच्या भागाविषयीचे एक मराठी पान उघडले आणि पडद्यावर आले : ‘लोधविली’. शेजारी बसलेली पुतणी म्हणाली, “काका, आपलं गाव असं लिहितात?” मलाही क्षणभर वाटले, लिहिणाऱ्याची चूक असेल. मग खालच्या ओळीत ‘पर्‌जन्‌यमान’ आले, त्याच्याखाली ‘दरडप्‌रवण’, आणि धरणातून पाण्याचा ‘वसिर्‌ग’. तेव्हा कळले की लिहिणाऱ्याचे काही चुकलेले नाही. चूक वाचून दाखवणाऱ्याची आहे.

ब्राउझरवर समीक्षा कशाला, असे वाचकाला वाटू शकेल. पुस्तकाचे परीक्षण आपण करतो, क्वचित मुखपृष्ठाचे आणि मुद्रणाचेही करतो. पण आज ज्या खिडकीतून कितीतरी मराठी मजकूर वाचला जातो, तिची पारख मात्र तंत्रज्ञांवर सोडून मोकळे होतो. ब्राउझर हा आपल्या आधी पान वाचणारा वाचक आहे. त्याने वाचले तेवढेच आणि तसेच आपल्यापुढे येते. मग त्याला कसे वाचता येते हे विचारायला नको?

डिलो निवडला तो त्याच्याबद्दल आदर आहे म्हणूनच. चिलीतल्या खोर्खे अरेयानो सिद यांनी डिसेंबर १९९९ मध्ये हा मुक्तस्रोत प्रकल्प सुरू केला. त्याचे उद्दिष्ट भले मोठे आहे : इंटरनेटवरची माहिती सर्वांना मिळावी, त्यासाठी कुणाला नवा संगणक किंवा वेगवान जोडणी घ्यावी लागू नये. म्हणून त्याने जावास्क्रिप्टला दार उघडले नाही, पसारा वाढू दिला नाही. २००८ च्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत तो एफएलटीके या हलक्या साधनसंचावर आला आणि युनिकोड मजकूर स्वीकारू लागला. २०१५ नंतर प्रकल्प जवळजवळ निजला. रोद्रिगो आरियास यांनी तो उचलून धरला आणि मे २०२४ मध्ये ३.१ ही आवृत्ती आली. नऊ वर्षांनी पुन्हा निघालेल्या नियतकालिकासारखेच हे. त्याच्या तळाशी एक गमतीची सोय आहे, पानाच्या मांडणीत किती चुका आहेत हे मोजून दाखवणारा आकडा. माझ्या गावाचे नाव मोडले त्याची नोंद अर्थात त्या आकड्यात नव्हती.

फोनविषयी थोडे. त्यावर आता पोस्टमार्केटओएस आहे. फोन दहा वर्षे वापरता यावा, या हट्टातून २०१७ मध्ये सुरू झालेली ही लिनक्स प्रणाली. फोनची स्मृती १ जीबी, पडदा पावणेपाच इंचांच्या आसपास. अशा यंत्रावर हलका ब्राउझर हवाच. आणि ब्राउझर हलका हवा तर डिलो हे नाव येतेच. पण तो जन्मला टेबलावरच्या संगणकासाठी, उंदराच्या तीन बटणांसाठी. बोटासाठी नव्हे.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण सगळी अडचण तिच्यात दिसते. पान धरून वर-खाली ओढण्याची सोय डिलोत आहे. मांडणीच्या फाइलीत तिच्यासाठी स्वतंत्र ओळही आहे. पण ती मधल्या बटणावर आहे. डावे बटण दाबून ओढले तर मजकूर निवडला जातो. बोट म्हणजे डावे बटण; बोटाला मधले बटण नसते. त्यामुळे पान सरकवायला जावे तर ओळी निळ्या होतात. जे हवे ते आत तयार आहे, फक्त भलत्या हाताला बांधलेले. टचस्क्रीनसाठी एखादा ब्राउझर ‘जुळवून घेणे’ म्हणजे बहुतेक वेळा नवे काही शोधणे नसतेच. आधीच्या गृहीताची गाठ सोडवायची असते. दुसरे उदाहरण आकाराचे. बोटाने नेमके दाबता यावे म्हणून बटण सुमारे ९ मिलिमीटरचे असावे, असे गुगलच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. माझ्या फोनवर १६ बिंदूंची ओळ दीड मिलिमीटरचीही भरत नाही. अक्षर वाढवायचा एक गुणक डिलोत आहे, तोही फाइलीत जाऊन लिहायचा. अक्षर मोठे होते, वरच्या पट्टीवरची बटणे तशीच राहतात. पडद्यावरचा कीबोर्ड आपण होऊन उघडत नाही, हाताने वर आणावा लागतो. हे सारे त्रासदायक आहे, पण समजण्यासारखे आहे, आणि चार कष्टाळू माणसे ते सोडवतील.

वेलांटीचे मात्र तसे नाही.

युनिकोडमध्ये मराठी अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘धि’ म्हणजे आधी ध, मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी येते. खिळ्यांच्या छापखान्यात हे काम जुळारी करी. त्याचा हात आधी वेलांटीच्या घरात जाई, मग ध च्या. रफार कुठे चढवायचा, कोणत्या अक्षराचे अर्धे रूप घ्यायचे, हेही त्याच्या बोटांना ठाऊक असे. संगणकात हेच काम करणारा भाग असतो. मुक्तस्रोत जगात त्यातले सर्वांत वापरातले नाव हार्फबझ. माझ्या फोनवरचा डिलो एफएलटीकेच्या १.३ आवृत्तीवर बांधलेला आहे, आणि त्या आवृत्तीत हा जुळारीच नाही. ती खिळे मिळतील त्या क्रमाने ओळीत मांडते. ध नंतरची वेलांटी मग पुढच्या व वर झुकते आणि लोधिवलीची लोधविली होते. दिवाळीतली वेलांटीसुद्धा द ला सोडून वा च्या गळ्यात पडते.

रोमन लिपीला जुळारी नसला तरी चालून जाते. एकापुढे एक अक्षर ठेवले की शब्द झाला. म्हणून त्या लिपीत विचार करणाऱ्याला जुळारी हा जादा बोजा वाटतो, आणि तो वगळला की कार्यक्रम ‘हलका’ झाला असे म्हणता येते. माझी तक्रार या शब्दाशी आहे. हलकेपणा मोजताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोणती लिपी होती? जो ब्राउझर सर्वांना माहिती मिळावी म्हणून निघाला, त्याने सर्वांतून कोण वगळले हे त्याला कळलेही नाही, कारण वगळलेल्यांना चुकीचा संदेश येत नाही. त्यांना मोडके अक्षर दिसते आणि ते यंत्र बदलतात.

यावर कुणी म्हणेल, जुळारी जड असतो, १ जीबीत त्याला जागा कुठली? हे खरे नाही, आणि त्याचा पुरावा आमच्याच भागात घरोघर फिरून गेला. गावातल्या मोठ्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, त्या धीरूभाई अंबानींच्या उद्योगसमूहाने २०१७ मध्ये जिओफोन आणला. बटणांचा, टचस्क्रीन नसलेला. पण त्याच्या पोटात कायओएस होती. म्हणजे लिनक्सचा गाभा आणि फायरफॉक्सचे इंजिन. स्मृती अवघी ५१२ एमबी. त्यावर मराठी जोडाक्षरे नीट दिसत. माझ्या फोनच्या निम्म्या स्मृतीत जुळाऱ्याला जागा मिळाली होती. भारतात विकायचे म्हटल्यावर मराठी दाखवणे भाग होते. डिलोला काही विकायचे नव्हते, आणि मराठीतून त्याच्या दाराशी कुणी गेलेही नव्हते.

नेटसर्फची गत याहून चमत्कारिक. २००२ मध्ये सुरू झालेला हाही हलका, स्वतःचे इंजिन बाळगणारा ब्राउझर. त्याची जीटीके आवृत्ती पँगो या मजकूर-मांडणीच्या संचावर उभी असल्यामुळे मराठी शुद्ध दाखवते. पण ती माउससाठी. त्याचीच फ्रेमबफर आवृत्ती खिडक्यांच्या प्रणालीशिवाय थेट पडद्यावर चालते, पडद्यावरचा स्वतःचा कीबोर्डही देते. पण ती अक्षरे सुटी सुटी मांडते. म्हणजे बोटाचा विचार केला त्या घरात जुळारी नाही आणि जुळारी आहे त्या घरात बोटाला जागा नाही. एकाच प्रकल्पात, एकाच छपराखाली. एपिफनीत दोन्ही आहे. पुरिझम कंपनीच्या लोकांनी त्याला अरुंद पडद्यात बसवण्याचे काम नेटके केले आहे. पण त्याचे वेबकिट इंजिन माझ्या फोनला पेलत नाही. दोन पाने उघडली की तिसऱ्याला धाप लागते.

दोष परदेशातल्या स्वयंसेवकांवर टाकून थांबणे सोपे आहे. आपल्याकडे काय झाले? मुंबईच्या एनसीएसटीत लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी आणण्याचा इंडिक्स प्रकल्प झाला. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तिथे ‘रघु’ हा मुक्त फाँट घडवला. विंडोजमधला ‘मंगल’ही त्यांचाच. पुण्यातल्या रेड हॅटने ‘लोहित’ सांभाळला, आयआयटी मुंबईने ‘शोभिका’ दिला. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ठरवून दिले. खिळे उत्तम ओतले गेले. जुळाऱ्याची मात्र चौकशी आपण मोठ्या ब्राउझरांपुरतीच केली. लहान साधनसंचांच्या दाराशी जाऊन ‘इथे वेलांटी उलटी पडते’ एवढे सांगणारा मराठी माणूस दुर्मीळच राहिला. त्यात मीही आलो. डिलो मी पूर्वी संगणकावर वापरला आहे, इंग्रजी पानांसाठी, आणि मराठी पान आले की निमूट दुसरा ब्राउझर उघडला आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखाली इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेव्हापासून पावसाळ्यात ‘दरडप्रवण’ आणि ‘स्थलांतर’ हे शब्द आमच्याकडे कुणी सरसरत वाचून पुढे जात नाही. वीज गेलेली, जोडणी क्षीण, हातात जुना फोन. हलक्या ब्राउझरची खरी वेळ तीच. तेव्हा शब्द अडखळत वाचावा लागू नये.

एफएलटीकेची १.४ आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. तिला पँगोची जोड देता येते, म्हणजे जुळाऱ्याला बसायला जागा झाली आहे. मधल्या बटणाची गाठ त्याने सुटणार नाही, ती वेगळी सोडवावी लागेल. दोन्ही गोष्टी मोडक्या इंग्रजीत लिहून काढल्या आहेत, लोधिवली आणि लोधविली यांची चित्रे जोडून. सध्या वाचायला नेटसर्फची जीटीके आवृत्ती घेतो आणि पान सरकवायला उजव्या कडेची बारीक पट्टी नखाने धरतो.