कालातीत ईश्वर आणि याचनारूप प्रार्थना

ईश्वर कालातीत असेल, तर त्याच्यापाशी काही मागण्यात अर्थ कोणता, हा प्रश्न ख्रिस्ती तत्त्वचिंतनात जुनाच आहे. इ. स. ५२४ च्या सुमारास बंदिवासात असता बोएथियसने आपल्या ग्रंथात शाश्वततेचे स्वरूप सांगितले. त्याच्या मते, अनंत जीवन क्रमाक्रमाने न लाभता समग्रपणे एकदमच हाती असणे, हीच शाश्वतता होय. ग्रंथाच्या अखेरीस तो प्रार्थना व्यर्थ नसल्याचा निर्वाळाही देतो. पण त्याची उपपत्ती मात्र विस्ताराने मांडीत नाही.

आक्षेप असा की, उत्तर हे मागणीनंतर यावयाचे. ज्याला ‘नंतर’ नाही, त्याने उत्तर द्यावे कसे? या आक्षेपात दोन भिन्न संबंधांची गल्लत झालेली आहे. मूल रात्री पाणी मागणार हे जाणून आई आधीच उशाशी तांब्या भरून ठेवते. तिची कृती मागणीच्या आधीची, तरीही त्या मागणीखातरच केलेली असते. येथे पूर्वज्ञान आहे, कालातीतता नव्हे. तथापि ‘मुळे’ आणि ‘नंतर’ हे संबंध एक नव्हेत, एवढे यावरून निश्चित होते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हीच वाट धरली. प्रार्थना ईश्वराचा संकल्प पालटण्यासाठी नसून, प्रार्थनेच्या द्वारेच मिळावे असे त्याने योजिलेले मिळविण्यासाठी आहे, असे तो म्हणतो. पेरणी जशी पिकाचे कारण, तशी प्रार्थनाही फलाचे खरे कारण ठरते.

या उपपत्तीची कसोटी यशयाच्या ३८ व्या अध्यायात लागते. हिज्कीया राजा मरणार, असे संदेष्टा सांगतो. राजा रडून प्रार्थना करतो. आणि त्याचे आयुष्य १५ वर्षांनी वाढते. अक्वायनसच्या मते पहिले वचन केवळ रोगादी निकट कारणांपुरते होते. ईश्वरी संकल्प पालटलाच नाही. हे समाधान तर्कशुद्ध आहे. परंतु कथेतील ईश्वर अश्रू पाहून उत्तर देतो, त्या प्रसंगाचा ओघ मात्र त्यात उरत नाही. निकोलस वोल्टरस्टॉर्फ याने १९७५ मध्ये नेमके हेच बोट ठेवले: शास्त्रातील ईश्वर इतिहासात कृती करतो व प्रतिसाद देतो, म्हणून तो कालातीत नव्हे, तर कालात राहून अनादी-अनंत आहे.

आमच्या मते कालातीततेच्या सिद्धान्ताने प्रार्थनेची फलदायकता अबाधित राहते. बाधा येते ती संवादाच्या कल्पनेस. आजाऱ्याच्या उशाशी गुडघे टेकणाऱ्याची याचना निष्फळ नाही, असे हा सिद्धान्त म्हणू शकतो. पण त्या याचनेने ईश्वराचे मन वळले, असे तो म्हणू शकत नाही. ‘ऐकले’, ‘द्रवला’ ही क्रियापदे कोठवर वाच्यार्थाने घ्यावयाची आणि कोठून लक्षणेने, ही सीमारेषा त्याच्या पुरस्कर्त्यांनी उघडपणे आखली पाहिजे. ती आखल्यावाचून सिद्धान्त टिकेल, पण उपासकाचे समाधान होणार नाही.