बलराज साहनी : तादात्म्य आणि ताटस्थ्य

चित्रपटातील नटाची थोरवी सांगताना एक वाक्य समीक्षकांच्या लेखणीतून सहज उतरते : अमुक नट भूमिका करीत नाही, तो ती जगतो. बलराज साहनी (१९१३-१९७३) यांच्या वाट्याला हे वाक्य इतक्या वेळा आले आहे की, त्यांच्या अभिनयाचे तेच अंतिम वर्णन होऊन बसले आहे. वरवर पाहता ही प्रशंसा मोठी वाटते. वस्तुतः तिने साहनींवर अन्यायच केला आहे. जो भूमिका नुसती जगतो त्याला साधना करावी लागत नाही आणि निवडही करावी लागत नाही. साहनींच्या श्रेष्ठ भूमिका मात्र साधनेतून आणि निवडीतून सिद्ध झाल्या आहेत. त्या कशा सिद्ध झाल्या हे पाहणे, म्हणजे अभिनयातील वास्तवता ह्या बहुचर्चित संज्ञेचा अर्थ तपासून पाहणेच होय.

ह्या तपासणीला मराठी साहित्यविचारातील एक जुनी कल्पना उपयोगी पडण्यासारखी आहे. वाङ्मयानंदाची मीमांसा करताना न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक परक्या व्यक्तीच्या भूमिकेशी एकरूप होतो. परंतु स्वतःची भूमिका तो सर्वस्वी विसरत नाही. ह्या दुहेरी अवस्थेतच आनंदाचे मूळ आहे, असा तिचा आशय. केळकरांनी हा विचार वाचकाच्या बाजूने केला. तो नटाच्या बाजूने करून पाहिला असता साहनींच्या कारकिर्दीतील मुख्य प्रश्न स्पष्ट होतो : परक्याशी तादात्म्य पावताना नटाने स्वतःचे काय करावयाचे?

साहनींच्या बाबतीत हा ‘स्व’ साधा नव्हता. रावळपिंडीतील एका सुस्थित व्यापारी कुटुंबात १ मे १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. हिंदी कादंबरीकार भीष्म साहनी हे त्यांचे धाकटे बंधू. लाहोरला इंग्रजी वाङ्मयात एम. ए. झाल्यावर त्यांनी शांतिनिकेतनात अध्यापन केले. १९३८ साली ते वर्ध्याजवळील सेवाग्रामी गांधीजींच्या सान्निध्यात राहिले आणि तेथून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनला बीबीसीच्या हिंदी विभागात निवेदक म्हणून गेले. मायदेशी परतल्यावर १९४३ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय जननाट्य संघात, म्हणजे ‘इप्टा’त, ते ओढले गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी बंगालच्या दुष्काळावर दिग्दर्शित केलेल्या ‘धरती के लाल’ (१९४६) ह्या चित्रपटात त्यांनी शेतकऱ्याची भूमिका केली. पुढे साम्यवादी राजकारणापायी त्यांना तुरुंगवासही घडला आणि त्याच काळात ‘हलचल’ (१९५१) ह्या चित्रपटासाठी तुरुंगातून येऊन त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका केली.

ह्या जीवनक्रमात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या वर्गाविषयी साहनींना आस्था होती त्या वर्गाचे ते नव्हते. त्यांची सहानुभूती शेतकऱ्यापाशी होती. देहबोली मात्र महाविद्यालयात आणि लंडनच्या ध्वनिक्षेपण केंद्रात घडलेली होती. विचार बदलणे त्या मानाने सोपे असते. पाठीचा कणा, पावलांची ठेवण, हातांची अस्वस्थता ह्यांत मुरलेला वर्ग मात्र सहजासहजी बदलत नाही. कॅमेऱ्यासमोर उभे राहताच आपले शरीर ताठरते, ही त्यांची सुरुवातीच्या काळातील अडचण त्यांनी स्वतःच आत्मकथनात मोकळेपणाने नमूद केली आहे. ही अडचण केवळ नवखेपणाची नव्हती. आपल्या देहावर आपला अधिकार नाही ह्याची ती जाणीव होती.

‘दो बीघा ज़मीन’ (१९५३) मधील शंभू महतो ही ह्या अडचणीची पहिली मोठी कसोटी. सलील चौधरी यांच्या कथेवर बिमल रॉय यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटात, जमीनदाराचे कर्ज फेडण्यासाठी कलकत्त्याला येऊन हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची कथा आहे. आपल्याकडे पासष्ट रुपये निघतात अशी शंभूची समजूत असते. न्यायालयात मात्र दोनशे पस्तीस रुपयांचा हिशेब उभा राहतो. साहनींना सुटाबुटात प्रथम पाहताच बिमल रॉय ह्यांना त्यांच्या निवडीविषयी शंका आली होती. ती शंका अगदी रास्त होती, आणि तिचे निरसन करण्यासाठी साहनींनी जे केले ते अभ्यासकाच्या शिस्तीला साजेसे होते. मुंबईत जोगेश्वरीला उत्तर भारतीय गवळ्यांच्या वस्तीत जाऊन त्यांनी त्या लोकांचे उठणे-बसणे, खाणे-पिणे, डोक्याला गमछा गुंडाळण्याची रीत न्याहाळली; कलकत्त्याला गेल्यावर प्रत्यक्ष रिक्षा ओढण्याचा सराव केला.

तथापि निरीक्षण पुरले नाही. साहनींनी आत्मकथनात सांगितले आहे की, चित्रीकरणाच्या दिवसांत आत्मविश्वास खचलेला असताना त्यांची एका प्रौढ बिहारी रिक्षावाल्याशी गाठ पडली. चित्रपटाची कथा ऐकताच ही तर माझीच कहाणी, असे म्हणून तो रडू लागला. त्याचीही दोन बिघे जमीन जमीनदाराकडे गहाण पडली होती. त्या क्षणी अभिनयकलेच्या शास्त्राचा विचार सोडून आपण त्या माणसाचा आत्मा आपल्यात उतरवून घेतला, असा साहनींचा निर्वाळा आहे.

हा निर्वाळा हृद्य आहे; परंतु समीक्षेने तो जसाच्या तसा स्वीकारणे योग्य नव्हे. पडद्यावर जे दिसते ते शास्त्र विसरलेल्या नटाचे काम नाही. घाईच्या प्रवाशाने अधिक पैशाचे आमिष दाखविल्यावर शंभू दुसऱ्या रिक्षाच्या मागे धावत सुटतो, तो प्रसंग पाहावा. धावण्याचा वेग वाढतो तसतसा शंभूचा चेहरा मोकळा होत जात नाही, उलट आत मिटत जातो. दोन दांड्यांमधील ते शरीर क्षणभर माणसाचे न राहता ओढणाऱ्या जनावराचे होते आणि चाक निखळून तो कोसळतो तेव्हाच ते पुन्हा माणसाचे होते. हे संक्रमण नुसत्या भावविवशतेतून साधत नाही. त्यासाठी कोणत्या क्षणी काय रोखून धरावयाचे ह्याचे भान लागते. अखेरीस कारखान्याच्या कुंपणाआडून आपल्याच जमिनीची मूठभर माती उचलणाऱ्या आणि पहारेकऱ्याच्या दरडावणीने ती सोडून देणाऱ्या शंभूच्या हालचालीत हेच भान दिसते. तेथे प्रतिकार नाही आणि विलापही नाही. मूठ तेवढी उघडते. प्राचीन नाट्यविचाराच्या परिभाषेत बोलावयाचे तर, येथे आंगिक अभिनय इतका संयत झाला आहे की सात्त्विक अभिनयाला त्यातूनच वाट मिळते.

मग बिहारी रिक्षावाल्याच्या भेटीचे मोल काय? त्या भेटीने साहनींना तंत्र दिले नाही. तंत्राला धनी दिला. तोपर्यंतची सारी साधना आपण ही भूमिका यशस्वी कशी करू ह्या चिंतेभोवती फिरत होती. त्या भेटीनंतर ती, ह्या माणसाची कहाणी आपल्या हातून खोटी होता कामा नये, ह्या जबाबदारीभोवती फिरू लागली. परक्याचे दुःख उसने घेण्याचा सुशिक्षित कलावंताला अधिकार काय, हा प्रश्न मराठी वाचकाला अनोळखी नाही. स्वानुभव आणि सहानुभूती ह्यांतील अंतराचा हाच प्रश्न दलित साहित्याच्या चळवळीने मराठी वाङ्मयापुढे तीव्रतेने उभा केला. साहनींच्या शंभूने तो प्रश्न सोडविला असे म्हणता येणार नाही. शंभूची भूमिका करणारा माणूस चित्रीकरण संपताच आपल्या घरी परतू शकत होता. तो बिहारी रिक्षावाला नव्हे. परंतु हे अंतर पुसून टाकल्याचा आव साहनींच्या अभिनयात नाही. त्यांचा शंभू प्रेक्षकाची दया मागत नाही. आणि दया न मागणे, हीच परक्याच्या दुःखाविषयी कलावंताला दाखविता येणारी मोठी अदब होय.

समकालीन हिंदी चित्रपटाच्या संदर्भात ह्या अदबीचे वेगळेपण अधिक उठून दिसते. ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये राज कपूर यांनी रंगविलेला, नशीब काढण्यासाठी महानगरात आलेला तरुण गर्दीतून पहिल्या दृष्टिक्षेपातच वेगळा दिसतो. तसे दिसणे हेच त्याच्या नायकत्वाचे लक्षण. शंभू मात्र कलकत्त्याच्या गर्दीत मिसळून जातो. नायकाने गर्दीत हरवावे, ही कल्पना त्या काळच्या लोकप्रिय चित्रपटाच्या प्रकृतीशी विसंगत होती. साहनींनी ती विसंगती पत्करली.

अर्थात त्यांच्या सर्वच भूमिकांना हे मोल देता येत नाही. ‘सीमा’ (१९५५) मधील अशोकबाबू किंवा ‘अनुराधा’ (१९६०) मधील खेड्यात रुग्णसेवा करणारा डॉक्टर ह्या भूमिकांत त्यांचा संयम पात्राच्या स्वभावातून आलेला वाटतो. विशेषतः ‘अनुराधा’त पत्नीच्या गायनकलेची आपल्या सेवाव्रतापायी झालेली उपेक्षा ध्यानी न येणारा भला माणूस रंगविताना, भलेपणातही एक आंधळेपणा असू शकतो हे त्यांनी सूचित केले. परंतु कौटुंबिक चित्रपटांच्या ओघात हाच संयम कित्येकदा ठरीव सौजन्याचे रूप घेऊ लागला. मराठी ‘वहिनींच्या बांगड्या’वरून झालेल्या ‘भाभी की चूड़ियाँ’ (१९६१) सारख्या चित्रपटात सोशिक वडीलधाऱ्याची जी भूमिका त्यांच्या वाट्याला आली, तिच्यात भले दिसण्यापलीकडे नटाला करण्यासारखे थोडेच होते. जेथे ओलांडावयास भिंतच नाही तेथे साहनींची साधना विश्रांती घेई, असे म्हणावे लागते. याउलट ‘काबुलीवाला’ (१९६१) मधील रहमत किंवा ‘वक़्त’ (१९६५) मधील, भूकंपाने एका क्षणात कुटुंब हिरावून घेतलेला लाला केदारनाथ ह्या भूमिकांना स्वतःचा प्रांत आणि स्वतःचा उच्चार आहे. तेथे त्यांचा वाचिक अभिनय विशेष खुलतो. मातृभाषेत लिहावे, हा रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात दिलेला सल्ला मानून साहनी पुढे पंजाबीत लिहू लागले. माणूस त्याच्या बोलीत राहतो, ह्या जाणिवेचा त्यांच्या अभिनयाशी असलेला संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही.

कारकिर्दीच्या शेवटी मात्र प्रश्नाची बाजू उलटली. एम. एस. सथ्यू यांनी दिग्दर्शित केलेला ‘गर्म हवा’ इस्मत चुगताई यांच्या कथेवर आधारलेला असून, त्याची पटकथा कैफी आझमी आणि शमा ज़ैदी यांची आहे. फाळणीनंतर आप्तस्वकीय एकामागून एक पाकिस्तानात निघून जात असता आग्रा सोडण्यास नकार देणारे पादत्राणांचे कारखानदार सलीम मिर्झा ही साहनींची भूमिका. मिर्झांना पेढी कर्ज देत नाही, घरमालक घर देत नाही, आणि हेरगिरीच्या आरोपातून सुटल्यावरही लोकांच्या नजरा निवळत नाहीत. येथे नट आणि पात्र ह्यांमध्ये वर्गाची भिंत नव्हती. किंबहुना अंतर फारच थोडे होते : ज्याची रावळपिंडी फाळणीने सीमेपलीकडे गेली असा माणूस, ज्याला आपले आग्रा सोडावयाचे नाही अशा माणसाची भूमिका करीत होता. धर्म वेगळा, दिशा उलट, परंतु जखम एकच.

अशा वेळी तादात्म्य आयते मिळते आणि म्हणूनच ते धोक्याचे असते. साहनींनी येथे ताटस्थ्याची साधना केली. मिर्झांची चाल सावकाश आहे, आवाज सहसा चढत नाही, अपमानाच्या प्रसंगीही सभ्यतेची घडी मोडत नाही. कन्या अमीनाच्या आत्महत्येचा प्रसंग त्यांनी आक्रोशावाचून निभावला आहे. १९७२ साली साहनींच्या स्वतःच्या कन्येचे निधन झाले होते, ह्या घटनेशी तो प्रसंग जोडून दाखविण्याची प्रथा पडली आहे. चरित्राच्या दृष्टीने तो योग हेलावून टाकणारा आहे खरा. पण अभिनयाचे स्पष्टीकरण त्यातून होत नाही. स्वतःचे दुःख ज्याच्यापाशी आहे त्याला रडणे सोपे असते. साहनी रडले नाहीत, कारण ते दुःख सलीम मिर्झांचे होते आणि मिर्झा चारचौघांत रडणारे गृहस्थ नव्हेत. केळकरांच्या संज्ञेतील ‘सविकल्प’ हे विशेषण येथे आपला पूर्ण अर्थ प्रकट करते.

ह्या चित्रपटाचे ध्वनिमुद्रण पूर्ण झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, साहनींचे मुंबईत निधन झाले. अभ्यवेक्षण मंडळाच्या अडथळ्यांतून वाट काढीत चित्रपट प्रेक्षकांपुढे आला तो त्यांच्या मागे. त्याचा शेवट सर्वश्रुत आहे : अखेर हताश होऊन मिर्झा स्थानकाकडे निघतात, वाटेत मोर्चा दिसतो, मुलगा सिकंदर त्यात सामील होतो आणि पाठोपाठ मिर्झाही टांग्यातून उतरून गर्दीत शिरतात. कथानकाच्या दृष्टीने हा शेवट काहीसा योजलेला वाटतो, हा आक्षेप निराधार नाही. परंतु अभिनयाच्या दृष्टीने त्याला वेगळा अर्थ आहे. वीस वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या गर्दीत शंभू महतो हरवला तो नाइलाजाने. सलीम मिर्झा गर्दीत मिसळतात ते स्वेच्छेने. ह्या दोन गर्दींमधील अंतर हीच साहनींची कारकीर्द होय. परके जीवन आपलेसे करण्यासाठी स्वतःला विसरावे लागत नाही, स्वतःला ओळखून बाजूला ठेवावे लागते, हे त्या कारकिर्दीने सिद्ध केले. भूमिका ‘जगण्या’ची प्रशंसा ह्या श्रमाची दखल घेत नाही; अभ्यासकाने ती घेणे अगत्याचे आहे.